पाचशे रुपयांचा हिशेब

मैत्रिणींनो, एप्रिल २०२० मधली बँकेसमोरची रांग आठवते ना? खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहून दिवस ठरवून दिले होते. इथे बपेऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकू पासबुक पिशवीत घालून दोनदा गेल्या नि दोनदा रिकाम्या हाताने परतल्या. त्यांचं खातं जनधनचं नव्हतंच, साधं बचतीचं होतं. गरिबी तीच, खातं वेगळं! महिना पाचशेप्रमाणे तीन महिन्यांचे दीड हजार गेले. का गेले, हेही त्यांना कुणी धड सांगितलं नाही.

केंद्राचं ते पॅकेज १ लाख ७० हजार कोटींचं. सुमारे २० कोटी महिलांच्या खात्यांत पैसे आले, रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. त्यावर कित्येक घरच्या चुली पेटल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ मध्ये राज्य सरकारने घरकामगार बायांना दीड हजार जाहीर केले, पण ते नोंदणी असलेल्यांनाच. धुणीभांडी करणाऱ्या किती जणींना अशी नोंदणी असते हेच ठाऊक नव्हतं!

दिल्लीत वाद रंगला तो पीएम केअर्स निधीवर. विरोधक म्हणाले, 'कॅग'कडून तपासणी करा. सरकार म्हणालं, ही लोकांची स्वेच्छेची देणगी आहे, हिशेब स्वतंत्र लेखापरीक्षक तपासतात. माहिती अधिकारही त्याला लागू नाही, असं उत्तर मिळालं. मला हे पटत नाही. पंतप्रधानांच्या नावाने पैसा गोळा होतो, तर त्याचा हिशेब मागितल्यावर एवढं अवघडायचं कशाला? लाडक्या बहिणीला मात्र दीड हजारासाठी २०२५ मध्ये ई-केवायसी करावी लागली.

पण विरोधकांचंही एक चुकलं. वरच्या कोटींवर भांडताना सुटलेल्या बायांची यादी कुणी मागितली नाही. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण करायची तरतूद होती. मजुरांची नावं, दिवस, मजुरी गावासमोर वाचायची. मदतीच्या पैशाला हीच रीत लावता आली असती. कोणाला मिळाले, कोण सुटलं, हे गावातल्या बायांइतकं कोणाला कळतं?

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असा आपल्याकडे नियम आहे. पुढच्या सभेत मी हा विषय काढणार आहे. काकू येते म्हणाल्यात, पासबुक घेऊन.