जीव वाचला, पण हात?

‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटले की डोळ्यांसमोर सिनेमातल्या नट्या येतात. सरळ केलेले नाक, भरलेले ओठ, पुसलेल्या सुरकुत्या. स्त्री-संघटनांच्या बैठकीत हा विषय निघालाच तर ‘बाईच्या शरीराचा बाजार’ म्हणून निघतो, आणि ती टीका योग्यच आहे. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर काम करताना ही शस्त्रक्रिया ज्यांना हवी असलेली मी पाहते, त्या बायकांना सुंदर दिसायचे नसते. त्यांना मान वर करायची असते. काखेत चिकटलेला दंड सोडवून डोक्यावरच्या हंड्याला हात लावायचा असतो. आखडलेली बोटे उघडून भाकरी थापायची असते. या भाजलेल्या बायका आहेत.

मला एकच म्हणणे मांडायचे आहे. भाजलेल्या बाईचा जीव वाचला म्हणजे तिचा उपचार संपला, असे नाही. निम्मा उपचार तिथून पुढे असतो. तो तिला मिळणे ही कुणाची दया नव्हे, तिचा हक्क आहे, आणि आपल्या मागण्यांमध्ये तो स्पष्ट शब्दांत लिहिला गेला पाहिजे.

भाजण्याचा प्रश्न बायकांचाच का, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तरी एक आकडा हाताशी असू द्या. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले. त्यातल्या सुमारे १ लाख ६ हजार बायका होत्या, आणि त्यातही बहुतेक १५ ते ३४ वर्षांच्या. आग बाई-पुरुष ओळखत नसेल, पण ती लागते कुठे आणि लावली जाते कुणाला, हे ठरलेले असते. चूल, चिमणी, पंपाचा स्टोव्ह, अंगावर वितळून चिकटणारी नायलॉनची साडी. आणि हुंडा, संशय, दारू. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या एका वाक्यात हे सगळे झाकले जाते. आता गॅस आला आहे, पण सिलिंडर संपला आणि पैसे नसले की चूल पेटतेच.

हे आकडे मेलेल्यांचे आहेत. ज्या वाचल्या त्यांचे काय?

तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन आणि मलमपट्टी होते आणि बाईला पुढे पाठवतात. मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून निघायचे तर गाडीरस्त्यापर्यंत डोली. ती पोचली, वाचली, महिना-दीड महिन्याने घरी आली. पोलिसांनी जबाब घेतला. केस उभी राहिली किंवा मिटवली गेली. कागदावर ती बरी झाली. शरीराचे मात्र तेव्हाच नवे काम सुरू होते.

खोल भाजलेली जखम आपोआप भरते तेव्हा ती आकसत भरते. कडा आत ओढल्या जातात, कातडीच्या जागी जाड, ताठ व्रण येतो आणि तो जवळचा सांधा ओढून धरतो. हनुवटी छातीला चिकटते, खालचा ओठ खाली ओढला जाऊन लाळ गळते, कोपर वाकलेले राहते. दुखऱ्या बाईला जी स्थिती बरी वाटते, तीच आखडण्याची स्थिती असते. म्हणून मानेला भाजलेल्या बाईच्या डोक्याखाली उशी द्यायची नसते. मान मागे राहील अशी तिला निजवायची. दंड अंगाला चिकटू न देता बाजूला पसरून ठेवायचा. हात-बोटे फळीच्या आधाराने सरळ बांधायची आणि डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून रोज हलवायची. याला मोठे यंत्र लागत नाही, शिकवलेली नर्स लागते. आणि अगदी पहिल्या क्षणी लागते ते साधे थंड, वाहते पाणी, वीस मिनिटे. टूथपेस्ट नको, शाई नको, तेल-हळद नको.

कातडी कशी लावतात

‘प्लास्टिक’ या शब्दाचा पिशवी-बादलीच्या प्लास्टिकशी संबंध नाही. ग्रीक भाषेतला मूळ शब्द ‘आकार देणे’ या अर्थाचा आहे. कुंभाराचे काम, असे म्हणा. या कामाच्या मुख्य तीन रीती आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असाव्यात, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना आपण नुसत्या मान हलवत बसणार नाही.

पहिली रीत कातडीरोपणाची. त्याच बाईच्या मांडीवरून कातडीचा कागदासारखा पातळ थर काढून स्वच्छ केलेल्या जखमेवर बसवतात. मांडीवर खालचा थर शिल्लक असल्याने ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते. जखम मोठी असेल तर त्या थराला जाळीसारख्या चिरा पाडून तो ताणतात. दुसरी रीत आखडलेला व्रण सोडवण्याची. पट्टा रुंद असेल तर तो आडवा कापून सांधा मोकळा करतात आणि उघड्या पडलेल्या जागी कातडी लावतात. पट्टा दोरीसारखा अरुंद असेल तर इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन दोन त्रिकोणी तुकड्यांची अदलाबदल करतात. बाहेरून कातडी न आणता तेवढ्यानेच पट्टा लांबतो. तिसऱ्या रीतीत कातडीचा जाड तुकडा त्याच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह शेजारून वळवून आणतात. हाड किंवा शिरा उघड्या पडल्या असतील तिथे हीच रीत उपयोगी पडते.

एक नाव मुद्दाम सांगते. खोल भाजलेली कातडी आपोआप गळून पडेपर्यंत थांबायचे, अशी जुनी पद्धत होती. त्या काळात युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावच्या झोरा यान्झेकोविच या स्त्री-शल्यचिकित्सकाने मेलेला थर पहिल्या काही दिवसांतच पातळ-पातळ कापून काढून लगेच नवी कातडी लावायला सुरुवात केली. १९७० साली तिने आपले काम प्रसिद्ध केले आणि जगभरचे भाजलेल्यांचे उपचार बदलले. जखम जितकी लवकर झाकावी तितके आखडणे कमी. याचाच अर्थ असा की आमच्या बायका ज्या महिन्या-दोन महिन्यांच्या विलंबाने मोठ्या दवाखान्यात पोचतात, तो विलंबच त्यांना अपंग करतो.

नाक कुणाचे?

ही विद्या परदेशातून आलेली नाही. १७९४ सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला, आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने वीटभट्टीच्या जातीतल्या एका माणसाने कपाळावरची कातडी, भुवयांमधला एक अरुंद पट्टा जोडलेला ठेवून, खाली वळवली आणि नवे नाक बसवले. मेणाचा नमुना करून आधी कपाळावर माप घेतले होते. ते वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा इतिहास तिथून सांगितला जातो. कावसजीचे नाव राहिले. ते नाक घडवणाऱ्या कारागिराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

सुश्रुतापासून पुण्याच्या विटा भाजणाऱ्यापर्यंत या देशाने नाक जोडण्यात एवढे प्रावीण्य का मिळवले, याचा अभिमान बाळगणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न विचारणारे थोडे. नाके कापली जात होती म्हणून ती जोडावी लागत होती. लढाईत कापली जात, चोरीच्या शिक्षेत कापली जात, आणि नवऱ्याच्या संशयावरून बायकांची कापली जात. शूर्पणखेची गोष्ट आपण लहानपणी हसत ऐकतो. ‘घराण्याचे नाक कापले’ ही म्हण आजही बाईवरच वापरली जाते. घराची इज्जत बाईच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि ती गेली असे वाटले की चेहराच नाहीसा करायचा, हा जुना रिवाज आहे. वस्तऱ्याच्या जागी रॉकेल आले, ॲसिड आले. म्हणून या शस्त्रक्रियेकडे मी केवळ वैद्यकीय बाब म्हणून पाहत नाही. हिंसेने केलेली खूण बाईच्या शरीरावर कायम राहू द्यायची की नाही, हा त्यातला प्रश्न आहे.

हाताची किंमत

आमच्याच तालुक्यात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रासायनिक कारखाने आहेत. तिथे कामगार भाजला तर भरपाई मागायला त्याला कायदा आहे. कोणते बोट गेले तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा छापील तक्ता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आला आहे. तो मिळवायलाही झगडावे लागते, पण तक्ता आहे. बिरवाडीच्या त्याच कामगाराच्या बायकोची बोटे चुलीपाशी जळली तर तिच्यासाठी तक्ता नाही. कारण स्वयंपाकघर हे कामाचे ठिकाण नाही आणि तिचे काम हे काम नाही!

हाच भेद कायद्याच्या दुसऱ्या बाजूलाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातील व्यक्तीचा नावानिशी समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की अशा व्यक्तीला खासगी दवाखान्यांनीही पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसह मोफत उपचार द्यावेत. हे चळवळीचे मोठे यश आहे. पण रॉकेल ओतून पेटवलेली बाई त्या दिव्यांग यादीत नावानिशी नाही. सांधे किती टक्के निकामी झाले हे मोजून तिला अस्थिव्यंगाच्या दाराने आत जावे लागते. आखडलेला हात दोघींचा सारखाच, मग दारे वेगळी का?

सरकारी योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात रायगड होता. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आहे, आणि भाजण्याचे उपचार व प्लास्टिक सर्जरी तिच्यात आहेत. मग अडते कुठे? महाडकरांना याचे उत्तर इतिहासातून देता येईल. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पाणी मात्र १९२७ साली, हजारो माणसे चालून गेल्यावर, ओंजळीत आले. ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर कुणी तरी चालावे लागते.

ते अंतर इथे असे आहे. जखमी शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिने लागतात. घरात शेवटी जेवणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईला ती मिळत नाहीत आणि लावलेली कातडी धरत नाही. शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने गळपट्टा किंवा फळी बांधायची, घट्ट कपडे जवळजवळ दिवसभर घालायचे, व्यायाम करायचा. पण लावणी आली की फळी सुटते. तपासणीला मुंबईला जायचे तर सोबत कोण येणार, भाडे कोण देणार, मुले कुणी सांभाळायची? ‘आता कुणाला दाखवायचंय तोंड?’ असे सासरी म्हणतात, कधी माहेरीही. सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती पुरते. तरीही नवऱ्याची सही मागितली जाते, आणि पुष्कळदा आग लावल्याचा संशय त्याच्यावरच असतो.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. महाड आणि पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यांत नर्स व आशाताईंना भाजलेल्यांना निजवण्याचे, फळी बांधण्याचे आणि व्यायामाचे शिक्षण द्या. ठरलेल्या दिवशी प्लास्टिक सर्जनची तपासणी तालुक्यात ठेवा, म्हणजे दर वेळी मुंबई गाठावी लागणार नाही. मुंबईला जावेच लागेल तेव्हा बाईचे आणि सोबतणीचे भाडे व राहण्याची सोय उपचारात धरा. कौटुंबिक हिंसेच्या खटल्यात भरपाई मागताना पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च आणि बुडालेली मजुरी मोजा. आगीने भाजलेल्या बाईला दिव्यांग कायद्यात नावानिशी जागा द्या.

काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी-पाठीवरचा कातडीचा पातळ थर देता येतो. रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी कायमची टिकत नाही, पण फार भाजलेल्या बाईला ती जगण्यापुरते छप्पर देते. आपल्या बैठकांत नेत्रदानाबरोबर त्वचादानाचाही विषय घ्या.

आणि गावोगाव एक वही करा. गेल्या दहा वर्षांत आपल्या भागात भाजून वाचलेल्या बाया किती, कुणाची मान आखडली आहे, कुणाचा हात. नावे त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, पण आकडा तयार ठेवा. जुना व्रणही सोडवता येतो. वीस वर्षांनी सोडवलेला हातसुद्धा पुष्कळदा कामाला येतो. त्या बाईला हे कुणी सांगितलेलेच नसते. पुढच्या वेळी तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ तेव्हा हुंडाबळींच्या यादीबरोबर ही दुसरी यादीही आपल्या हातात असू द्या. तिच्यातल्या बाया जिवंत आहेत आणि त्यांना काम करायचे आहे.