टक्का आणि मुद्दल

रक्ततपासणीचा अहवाल घरी आला की प्रथम नजर जाते ती ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे. हिमोग्लोबिन, साखर, प्लेटलेट ही नावे आता घरातील आजीलाही पाठ झाली आहेत. त्याच कागदावर ‘न्यूट्रोफिल’ अशी एक ओळ असते. जुन्या अहवालांत तिलाच ‘पॉलिमॉर्फ’ म्हणत. तिच्यापुढे साठ, सत्तर, ऐंशी असा काही टक्का असतो. तो वाढलेला दिसला की ‘इन्फेक्शन आहे’ असा शेरा घरातलेच कोणीतरी मारते आणि औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी आणली जाते. या ओळीचे वाचन इतक्या घाईने करू नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांपैकी ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे १०० अब्ज, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा हजार कोटी, तयार होतात. रक्तात उतरल्यावर त्यांचे आयुष्य बहुधा एका दिवसाचेही नसते. जखमेत जिवाणू शिरले की रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून सर्वांआधी तेथे पोहोचतात त्या याच. त्या जिवाणूंना गिळतात, तीव्र रसायनांनी मारतात आणि त्या कामी स्वतःही मरतात. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः या मृत पेशींचा खच होय. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. त्यांमागे ज्या पेशींची धावपळ असते, त्यांत न्यूट्रोफिलचा वाटा मोठा आहे.

परंतु हे शस्त्र दुधारी आहे. आपल्या घरांत ‘युरिक ॲसिड’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. ते वाढून सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साठतात. न्यूट्रोफिल त्या स्फटिकांना शत्रू समजून गिळू पाहतात, पण स्फटिक पचत नाही. पेशीच फुटते, तिच्यातील दाहक द्रव्ये सांध्यात सांडतात आणि ती हाक ऐकून आणखी पेशी धावून येतात. पायाच्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सहन होऊ नये अशी ती रात्र ज्यांनी काढली आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. तेथे एकही जिवाणू नसतो. त्यामुळे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो. कोल्चिसिन हे जुने औषध न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते, म्हणून तेथे लागू पडते. (तामिळनाडूत कळलावीची शेती होते ती तिच्या बियांतील याच द्रव्यासाठी.) हृदयाच्या धमन्यांतील आजारातही दाहाचा हात असल्याचे ध्यानी आल्यावर, जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अशा रुग्णांसाठी अल्प मात्रेतील कोल्चिसिनला संमती दिली. मात्र हे औषध जादा झाल्यास जिवावर बेतते, मूत्रपिंड अधू असल्यास विशेषच. शेजाऱ्याला गुण आला म्हणून घेण्याची ती गोळी नव्हे.

आता त्या टक्क्याकडे येऊ. बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला एक सवय जडते : मुद्दल पाहिल्याशिवाय टक्क्यावर बोलू नये. ७० टक्के न्यूट्रोफिल १५,००० पेशींवर असतील तर संख्या १०,५०० होते. तेच ७० टक्के २,००० पेशींवर असतील तर केवळ १,४००. डेंग्यूत एकूण पांढऱ्या पेशीच पुष्कळदा घटतात, तेव्हा हा हिशेब उपयोगी पडतो. उलट दम्यासाठी वा अन्य कारणाने स्टेरॉइड सुरू असता न्यूट्रोफिल जंतुसंसर्गावाचून वाढतात. रक्तातील जवळजवळ निम्म्या न्यूट्रोफिल एरवी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि तपासणीत मोजल्या जात नाहीत. स्टेरॉइडमुळे त्या सुटून प्रवाहात येतात. तिजोरीतील रोकड काउंटरवर आली, एवढाच त्याचा अर्थ. ठेवी वाढल्या असे होत नाही.

हा हिशेब सर्वांत मोलाचा ठरतो तो केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या घरी. केमोनंतर साधारणपणे सात ते चौदा दिवसांच्या सुमारास या पेशी तळाला जातात. समजा, अहवालात न्यूट्रोफिल ५० टक्के आहेत. टक्का अगदी नेमस्त दिसतो. पण एकूण पांढऱ्या पेशी ८०० असतील तर न्यूट्रोफिल भरतात अवघ्या ४००, आणि ५०० च्या खाली गेलेली संख्या गंभीर समजली जाते. बऱ्याच अहवालांत ही प्रत्यक्ष संख्या ‘एएनसी’ या नावाने वेगळी छापलेली असते. ती अवश्य शोधावी.

अशा रुग्णाला संसर्ग झाला तरी जखम लाल होईलच, पू धरेलच, असे नाही. पू करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते आणि नेमकी तीच आपण पॅरासिटामॉल देऊन झाकतो, ‘सकाळी बघू’ म्हणतो. तापमापकाचा पारा १००.४ फॅरनहाइटवर पोहोचला की रात्रीचे दोन वाजले असले तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा आणि रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. निघताना शेवटच्या केमोची तारीख आणि ताजा अहवाल सोबत असू द्यावा. तातडीच्या विभागातील डॉक्टर पहिल्यांदा त्याच दोन गोष्टी विचारतील.