नको असलेली पत्रे

पूर्वी पोस्टमन दारात आला की सारे घर बाहेर येई. पत्र कोणाचे, कोठून आले, सर्व खुशाल आहेत ना, हे ऐकण्यासाठी आजीसुद्धा हातातले काम बाजूला ठेवी. पत्र पाठवायला पैसे लागत. म्हणून पाठवणारा विचार करूनच पत्र टाकी. आज तुमच्या घरातील कोणाचीही ई-मेलची पेटी उघडून पाहा. ती पत्रांनी भरलेली असेल. पण त्यांतील कामाची पत्रे बहुधा थोडीच निघतील. बाकीची पत्रे चपलांच्या दुकानाची, कर्ज देऊ पाहणाऱ्यांची, कधीतरी एकदाच तिकीट काढले त्या प्रवासी कंपनीची आणि ज्यांचे नावही आपण ऐकले नाही अशा लोकांची असतात. अशा न मागितलेल्या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात.

काही जण म्हणतात, ‘एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात?’ मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. माझे मत असे आहे की, दुसऱ्याच्या पेटीत जाहिरात टाकण्याआधी त्याची परवानगी घेतली पाहिजे. आणि तो ‘नको’ म्हणाला, तर पहिल्याच वेळी ऐकले पाहिजे.

या दुखण्याचा इतिहास थोडक्यात पाहू. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने जाळ्याने जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ई-मेल पाठवला. पुढे सातच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतील गॅरी थ्युर्क यांनी आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम पाठवली. ते जाळे सरकारी व संशोधनाच्या कामासाठी होते. लोक रागावले. जाळे सांभाळणाऱ्यांनी कंपनीला समज दिली. पण वाट सापडली होती.

‘स्पॅम’ हे नाव मात्र ई-मेलपेक्षा जुने आहे. अमेरिकेत १९३७ पासून या नावाचे डबाबंद मांस विकले जाते. १९७० साली ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर ‘माँटी पायथन’ या मंडळींनी एक विनोदी प्रवेश केला. त्यात एका खाणावळीतील जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाचा गजर इतका चालतो की बाकीचे बोलणे ऐकू येत नाही. न मागितलेली पत्रेही हेच करतात. त्यांच्या गोंगाटात कामाचे बोलणे बुडून जाते.

हा गोंगाट इतका का वाढला? कारण साधे आहे. पोस्टकार्डाचा खर्च पाठवणाऱ्यावर पडे. ई-मेलचे तसे नाही. एक पत्र पाठवा किंवा एक लाख पाठवा, पाठवणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. लाखातील दहा माणसांनी माल घेतला तरी त्याचे भागते. उरलेल्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद लोकांचा वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिवाय जागा जाते. जीमेलमध्ये पत्रे, छायाचित्रे आणि इतर कागद मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. ती पूर्ण भरली की नवे पत्र आत येत नाही. मग ते पत्र कितीही महत्त्वाचे असो.

यात नुकसान कसे होते, याचे एक उदाहरण सांगतो. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. गुण चांगले होते. अर्जाला जोडलेला उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट होता, म्हणून ‘आठ दिवसांत दुसरा दाखला पाठवा’ असे पत्र तिला ई-मेलने आले. घरात सगळ्यांचा मिळून एकच ई-मेल पत्ता होता. सणाचे दिवस होते. एका दुकानाकडून दिवसाला चार-चार पत्रे येत होती. तिच्या भावाने ती बंद करण्याची विनंती दोनदा केली होती, तरी पत्रे थांबली नव्हती. त्या ढिगात शिष्यवृत्तीचे पत्र खाली गेले. ते सापडले तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. दुकानाने कोणाचे वाईट चिंतले नव्हते. पण तिच्या वर्षाच्या पुस्तकांचे आणि फीचे पैसे गेले, ते गेलेच.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ‘नको असेल तर पुसून टाका’, असे काही लोक म्हणतात. पण रोज कोणी आपल्या उंबऱ्यावर कचरा टाकला, तर ‘झाडून घ्या’ हे उत्तर पुरेसे होईल का? झाडण्याआधी टाकणाऱ्याला विचारले पाहिजे. दुसरे लोक म्हणतात, ‘जाहिराती आहेत म्हणून ई-मेल फुकट मिळतो.’ यात काही तथ्य आहे, आणि जाहिरातीला माझी हरकत नाही. दुकानदाराने आपल्या दुकानावर पाटी लावावी, रस्त्याने हाक देत जावे. पण टोपली घेऊन सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊ नये. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर दारात थांबावे, आवाज द्यावा, आतून ‘या’ म्हटल्यावरच पाऊल टाकावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. पत्राची पेटी हेही घराचेच दार आहे.

निरनिराळ्या देशांनी यासाठी कायदे केले आहेत. अमेरिकेचा कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. जाहिरातीच्या प्रत्येक पत्रात ते बंद करण्याचा मार्ग दिला पाहिजे आणि विनंती आल्यावर कामाच्या १० दिवसांत ती मानली पाहिजे, असे तो सांगतो. पण पहिले पत्र न विचारता पाठवायला त्याची मनाई नाही. कॅनडाचा २०१४ पासूनचा कायदा याच्या पुढे जातो. तेथे आधी संमती लागते. मला कॅनडाची रीत अधिक न्यायाची वाटते. कारण दार ठोठावणे हे पाहुण्याचे काम आहे, घरमालकाचे नव्हे.

आपल्या देशात जाहिरातीचे फोन आणि एसएमएस थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. ई-मेलसाठी मात्र अशी वेगळी व्यवस्था नाही. तरी एक आशा आहे. आपली वैयक्तिक माहिती सांभाळण्याचा कायदा २०२३ साली संसदेने मंजूर केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक चांगले तत्त्व आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असले पाहिजे. हे तत्त्व सर्वांनी मनापासून पाळले, तर निम्मे भांडण मिटेल. आज अनेक ठिकाणी ‘हो’ म्हणायला एक बटण असते. आणि ‘नको’ म्हणायला चार पाने उलटून बारीक अक्षरांतील ओळ शोधावी लागते.

मोठ्या कंपन्यांनी ठरवले तर ही अडचण दूर होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना नियम घातला. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांनी आपल्या जाहिरातीच्या पत्रांत एकाच बटणाने नाव काढण्याची सोय ठेवावी आणि दोन दिवसांत ते नाव काढावे, असा तो नियम आहे. जीमेलमध्ये पुष्कळदा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ‘अनसबस्क्राईब’ हा शब्द दिसतो. ‘माझे नाव यादीतून काढा’ असा त्याचा अर्थ.

पण हे बटण दाबतानाही विवेक हवा. त्यासाठी आलेल्या पत्रांचे तीन भाग करा.

पहिला भाग ओळखीच्या दुकानांचा व संस्थांचा. तेथे आपणच कधीतरी पत्ता दिलेला असतो. त्यांना अनसबस्क्राईब करून सरळ ‘नको’ सांगा. त्यानंतरही पत्रे आली, तर ती स्पॅम म्हणून कळवा. मात्र आपणच मागवलेले पत्र केवळ कंटाळा आला म्हणून स्पॅम ठरवू नका. तशा तक्रारी वाढल्या की त्या संस्थेची पत्रे इतरांच्याही पेटीत बाजूला पडू लागतात. एखाद्या प्रामाणिक वाचनालयाचे त्यामुळे नुकसान होईल.

दुसरा भाग अनोळखी लोकांचा. तुम्हाला लॉटरी लागली, तुमचे खाते आज बंद होणार, अशी ती पत्रे असतात. त्यांतील कोणतीही लिंक दाबू नका. ‘अनसबस्क्राईब’ लिहिलेली लिंकसुद्धा नाही. ती दाबली की पाठवणाऱ्याला कळते, हा पत्ता चालू आहे, येथे माणूस वाचतो आहे. कधी त्यामागे खोटे पानही असते. नाव काढण्यासाठी कोणी ओटीपी किंवा बँकेचा क्रमांक मागितला, तर ती फसवणूक समजा. असे पत्र स्पॅम म्हणून कळवा आणि मोकळे व्हा. पैशाची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

तिसरा भाग शाळा, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि बँक यांच्या पत्रांचा. ती बंद करू नका. शक्य असेल तर अभ्यासाच्या व अर्जांच्या कामासाठी वेगळा ई-मेल पत्ता ठेवा आणि तो दुकानात देऊ नका. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पाही पाहा. कधी कधी कामाचे पत्र चुकून तेथे जाते, आणि जीमेल त्या कप्प्यातील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकते.

मित्रांनो, कंपन्यांना नियम सांगताना आपणही ते पाळले पाहिजेत. सकाळी उठल्यापासून पन्नास जणांना फुले, सुविचार आणि खरे-खोटे इशारे पाठवणारे आपल्यातही आहेत. ‘मला हे पाठवू नका’ असे कोणी म्हटले तर त्यांना राग येतो. वास्तविक त्या माणसाने मैत्री तोडलेली नसते. त्याने फक्त आपला वेळ मागितलेला असतो. त्याचा मान राखावा.

या रविवारी घरातील मोठ्या माणसांबरोबर अर्धा तास बसा. त्यांची ई-मेलची पेटी त्यांच्यासमोर उघडा. एकेक पत्र त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे हवे की नको?’ नको असलेली दहा नावे जरी काढलीत, तरी पुढचे जरुरीचे पत्र डोळ्यांसमोर राहील. यानंतर कोठेही नवा अर्ज भरताना खाली आधीच खूण केलेली चौकट दिसली, तर थांबा. तिच्यापुढची ओळ पूर्ण वाचा. पटले तर खूण राहू द्या. न पटले तर ती काढा आणि मगच अर्ज पाठवा.