हक्क म्हणजे पळवाट नव्हे

दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळला, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. यात आम्ही काडीचीही सूट मागत नाही. पण याच कायद्याने आरोपी चालकाला हक्कही दिले आहेत. ते काटेकोर पाळले, तरच दोषी माणसाविरुद्धचा खटला कोर्टात टिकतो, हे आमचे म्हणणे आहे.

कलम २०२ पाहा. अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. ही मेहेरबानी नाही. रक्तातला मद्यार्क तासागणिक उतरतो, म्हणून ही मुदत निर्दोषाला जितकी तारते तितकाच पुरावाही राखते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालकाचे रक्त घेतले गेले ते कित्येक तासांनी, आणि तो नमुनाही बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. २००२ च्या वांद्रे अपघात खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली आरोपी अभिनेत्याला निर्दोष सोडले, तेव्हाही रक्ताच्या नमुन्याचा पुरावा संशयातीत ठरला नव्हता. तोंडाला वास आणि चालीत झोक एवढ्यावरून माणूस नशेत होता असे धरता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच बच्चूभाई करियानी खटल्यात सांगून ठेवले आहे.

कुणी विचारील, गाडीखाली चिरडलेल्यांच्या हक्कांचे काय? त्यांना न्याय हवा आहे म्हणूनच नमुना नीट सीलबंद झाला पाहिजे. ढिसाळ तपासाचा फायदा शेवटी आरोपीलाच मिळतो. दुसरा आक्षेप असा, की हक्कांच्या आडून पैसेवाले सुटतात. पैसेवाल्याचा वकील तासाभरात पोलीस ठाण्यात हजर असतो, त्याला आमच्या पत्रकाची गरज नाही. गरज आहे ती रिक्षावाल्याला आणि टेम्पोचालकाला. गाडी अडकली की रोजी बुडते, म्हणून श्वासचाचणी यंत्राचा आकडा धड न पाहताच गुन्हा कबूल करून मोकळे होण्याची पाळी त्यांच्यावर येते. आणि हक्क म्हणजे चाचणी टाळण्याचा परवाना नव्हे: सबळ कारणाशिवाय नमुना नाकारला, तर कलम २०५ नुसार तो नकार चालकाच्याच विरोधात जाऊ शकतो.

म्हणून आमची मागणी आहे: नाकाबंदीत फुंकल्यावर वेळ आणि आकडा छापलेली पावती चालकाच्या हाती द्या. यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली, ते दाखवा. रक्ताची बाटली त्याच्यासमोर सील करून त्यावर सही घ्या. अटकेचे कारण त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्या आणि वकिलाला भेटू द्या. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने हा हक्क प्रत्येक अटक झालेल्या माणसाला दिला आहे. नागरिकहो, पिऊन गाडीला हात लावू नका. पण अडवले गेलात तर चाचणीला सहकार्य करा आणि पावती मागून घ्या.