तक्रार पोरांची नको, मालकाची करा

शेजारच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दहा-दहा पोरे कोंबली आहेत, अशी ओरड पुण्यातल्या सोसायट्यांतून सतत ऐकू येते. ओरडणाऱ्यांत आता आपले लोकही आहेत. बँकेत, रेल्वेत नोकरी करून हप्त्यावर घर घेतलेला आपला माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नोटिशीवर सही करतो, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या नोटिशीत काय लिहिले आहे?

त्रास खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. चौघांच्या हिशेबाने बांधलेल्या घरात दहा जण आंघोळी करू लागले की सकाळीच टाकी तळ गाठते. ड्रेनेज तुंबते, रात्री दोनपर्यंत दार वाजत राहते. घरात दहावीचे पोर आणि आजारी आई असलेल्याने निमूट सोसावे, असा उपदेश कोणी करू नये.

पण ही पोरे येतात कोठून? बीड, नांदेड, हिंगोली, बुलढाण्याहून. त्यांत आपली कितीतरी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आली. पुण्यासारख्या शहरात निवासासाठी तिने धरले वर्षाला २०,००० रुपये. महिन्याला १,७०० सुद्धा नाहीत! एवढ्यात खोली कसली, फार तर एक कॉट मिळेल. तीही पैसे वेळेवर खात्यात पडले तर.

मालकाची मात्र चंगळ. कुटुंबाला घर दिले तर एक भाडे, कॉट बेसिसवर दिले तर दहा. करारात नावे दोघांची, आत दहा जण. कित्येकदा करारच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटतात, डोक्यांवर नव्हे. म्हणजे दहा जणांच्या पाण्याचे पैसे शेजारी भरतो आणि भाडे मालक खातो.

असे असताना नोटीस लागते पोरांवर. कोणी दारात जाऊन आडनाव विचारतो, कोणी गाव. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी सराईतून कसे बाहेर काढले, हे ज्याला पाठ आहे त्या आपल्या सेक्रेटरीने तरी या चौकशीत सामील होऊ नये. ऐन परीक्षेत पोरांचे सामान जिन्यात काढणे तर मुळीच नको.

सभेत ठराव करून मालकाकडून नोंदणीकृत कराराची प्रत मागा, राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यात लिहून घ्या, गर्दी कमी करायला त्याला मुदत द्या आणि तोवर जादा पाण्याचा टँकर त्याच्याच खर्चाने मागवायला लावा. आणि एक पत्र समाजकल्याण आयुक्तांनाही जाऊ द्या. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने तुटपुंज्या पैशांत सोलापूरला वसतिगृह काढले होते. आज सरकारी तिजोरी असताना पुण्यात जागा का पुरत नाहीत, हे त्या पत्रात विचारा. सह्या सगळ्या सोसायटीच्या घ्या, त्या दहा पोरांच्याही.