मांडीवरच्या कुत्र्याची लस

नामपूरच्या परिसरात गाई-बैलांना लस टोचायची म्हटली, की कुणाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही नावे मोसम खोऱ्यातल्या पोरासोरांनाही पाठ असतात. २०२२ साली लम्पी आला, तेव्हा दावणीच्या काळजीने माणसांची झोप उडाली होती. बँकेत असताना दुभत्या गाईला कर्ज देताना आम्ही विम्याचा कागद आणि तिच्या कानातला बिल्ला पाहत असू. पामेरियनसाठी कर्ज कुणी मागत नाही, म्हणून त्याचे कागदही कुणी पाहत नाही.

अशी लहान कुत्री आता आपल्याकडेही घरोघर दिसतात. लसीचे विचारले, की उत्तर ठरलेले : ‘ते कुठे बाहेर जाते? मांडीवरच तर असते!’ पण १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला पार्वो हा विषाणू बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत उतरतो, तिथे महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलेला चिकटून उंबरा ओलांडतो. मग उलट्या, रक्ताची हगवण. एवढ्याशा देहात पाणी ते किती? पिल्लू दोन-तीन दिवसांतही हातचे जाते.

दुसरी समजूत, ‘लहान जीव आहे, अर्धीच लस द्या.’ तापाचे औषध वजनावर ठरते. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते, आणि ती अर्धवट करून चालत नाही. दांडग्या ग्रेट डेनला जेवढी मात्रा, तेवढीच चिमुकल्या चिहुआहुआला. भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत २००५ साली बारा लाखांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीनंतरच्या तीन दिवसांत दर १०,०००मागे सुमारे ३८ कुत्र्यांना त्रास झाला होता, आणि लहान कुत्र्यांत त्याचे प्रमाण अधिक होते. यावर उपाय लस टाळण्याचा नाही. एकाच दिवशी चार सुया नकोत असे डॉक्टरांना सांगावे, आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीचा परिणाम अडवू शकते, म्हणून हे हेलपाटे. ‘सगळे डोस झालेत’ असे विकणारा म्हणाला, तर कार्ड मागावे.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, आणि पुढे दरवर्षी. फाटकातून शिरलेले पिसाळलेले कुत्रे या चिमुकल्याला चावले, तर त्याचा पुढचा दात घरातल्या नातवंडाला लागतो. आणि मुले असला ओरखडा आईपासून लपवतात. रोगाची लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. पोटातली चौदा इंजेक्शने आमच्या पिढीला आठवतात. आता ती दंडात घेतात, पण त्याआधी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावीच लागते.

जवळ लस मिळाली नाही, तर सटाणा किंवा मालेगाव गाठावे. लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. उन्हातून खिशात घालून आणलेल्या बाटलीचा भरवसा नाही. त्यापेक्षा कुत्र्यालाच पिशवीत बसवून न्यावे. लहान असण्याचा तेवढा फायदा त्याने आपल्याला दिलेलाच आहे.