चौदा गाणी आठवतात, मुलगी आठवत नाही



सिनेमाने आपली लग्नं बिघडवली, हे वाक्य आजकाल समाजाच्या प्रत्येक सभेत एकदा तरी येतंच. मागे आमच्या भागातल्या एका सभेतही आलं. व्यासपीठावर सगळे पुरुष, खाली सतरंजीवर आपण. ठराव वाचला गेला. प्री-वेडिंग शूटिंग बंद, संगीताला नाच शिकवणारा बाहेरचा माणूस बंद, मांडवात सिनेमाची गाणी बंद, नवरी नाचत येणार नाही. टाळ्या पडल्या, आणि त्यात आपल्या बायकांच्या टाळ्या जास्त होत्या. भोपाळला जैन, गुजराती आणि सिंधी समाजांनी २०१९ साली प्री-वेडिंगवर बंदी घातल्याची बातमी तेव्हा वाचली होती. आता तसलेच ठराव आपल्या दारात आलेत.

मी टाळी वाजवली नाही. दोघीतिघींनी नंतर विचारलं, म्हणून हे लिहितेय.

मी सिनेमावेडी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाआधी बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लागली की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. १९८३ साली लग्न होऊन हसनाबादला आले तेव्हा इथे करमणूक म्हणजे जत्रेतला तंबू आणि दुकानातला रेडिओ. सासूबाई कडक, चौविहार कधी चुकला नाही, पण रेडिओवर रवींद्र जैन यांचं गाणं लागलं की त्या म्हणायच्या, "हा आपला आहे, राहू दे." जन्मांध माणूस, १९७३ च्या ‘सौदागर’पासून राजश्रीच्या किती चित्रपटांना संगीत दिलं, आणि जैन भजनंही केली. त्यांच्या ‘चितचोर’मधली गाणी ऐकत आम्ही सासू-सुना पापड लाटायचो. त्यांच्या सामायिकाला किंवा माझ्या संसाराला त्याने काही बाधा आली नाही.

आणि सिनेमा बाहेरचा, आपला नाही, असं जे म्हणतात त्यांना सांगते. राजश्री ही संस्था १९४७ साली ताराचंद बडजात्यांनी काढली. बडजात्या हे खंडेलवाल जैनांतलं गोत्र आहे. व्ही. शांताराम यांचे वडील जैन होते. पर्युषणातल्या भक्तिसंध्येला आपण जी स्तवनं म्हणतो त्यांतल्या निम्म्यांची चाल कुठून आली, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. गाणाऱ्या बाईने पहिली ओळ उचलली की मागच्या रांगेतल्या पोरी सिनेमाचं नाव ओळखून हसतात. देवासमोर ती चाल चालते, मग मांडवात तिने काय पाप केलं?

आता हिशोबाचं बोलू. मी बी.कॉम. आहे. आमच्या दुकानाचा रोजमेळ आणि खतावणी मी पंचवीस वर्षं लिहिली, त्यामुळे आरडाओरड सुरू झाली की मी आधी वही उघडते. नात्यातल्या एका लग्नाचा सगळा जमाखर्च माझ्याकडे होता. आकडे सांगणं बरं नाही, क्रम सांगते. पहिलं सोनं. मग जेवणावळी, त्यातही पदार्थांची संख्या. मग हॉल आणि मांडव. मग कपडे, आहेर, मायरा, देणंघेणं. व्हिडिओ-फोटो पाचवा, प्री-वेडिंग त्यातच धरलेलं. नाच शिकवणारी मुलगी सगळ्यात शेवटी, मिठाईच्या खोक्यांच्याही खाली.

ठरावाने हात घातला तो शेवटच्या दोन रकमांना. वरच्या चारांना कोणी बोट लावलं नाही, कारण त्या वडीलधाऱ्यांच्या हौसेच्या आहेत. शेवटच्या दोन मुलामुलींच्या हौसेच्या. अपरिग्रहाचं व्रत फक्त पोरींच्या नाचण्यालाच लागू होतं, असं मी तरी कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही.

प्री-वेडिंगचं मलाही फारसं कौतुक नाही. किल्ल्यावर जाऊन धुराच्या नळकांड्या सोडायच्या, ड्रोन उडवायचा आणि तो व्हिडिओ लग्नात चारशे लोकांनी जेवता जेवता बघायचा, हे मलाही हास्यास्पद वाटतं. पण त्यात एक गोष्ट आहे जी आपल्याला मिळाली नव्हती. ती दोघं एक अख्खा दिवस बरोबर असतात. ऊन लागतं, भूक लागते, फोटोवाला वैताग आणतो, आणि समोरचा माणूस चिडल्यावर कसा बोलतो ते मुलीला लग्नाआधी कळतं. आपल्या वेळी कांदेपोह्यांची दहा मिनिटं असायची, आपल्याकडे तर तेही कांद्याविना, आणि त्यातली आठ मिनिटं काकाच बोलायचे. शूटिंग बंद करायचं तर करा. त्या दिवसाच्या बदल्यात त्या दोघांना बोलायला दुसरा कुठला दिवस देणार, हे ठरावात का नव्हतं?

गाण्यांचंही तसंच. सिनेमाची गाणी चावट असतात म्हणे. आपल्या म्हाताऱ्या बायका बन्ना-बन्नीची गीतं संपवून व्याह्यांना ज्या गाळी गायच्या, त्या आठवतात का? व्याह्याचं पोट, विहिणीचं नाक, कशाची गय नव्हती. माझ्या लग्नात माझ्या आत्याने गायलेली गाळ आज कोणी माइकवर म्हटली तर ठराव करणारे उठून जातील. माझं दुःख वेगळंच आहे. पूर्वी बायका स्वतः गायच्या. आता डीजे वाजतो आणि बायका खुर्च्यांवर बसून मोबाइल धरतात. त्याला सिनेमा जबाबदार नाही. लता आणि आशा गात होत्या त्या पन्नास वर्षांत आपण घरात, पापड लाटताना, झोपाळ्यावर जास्तच गायलो.

आता मूळ मुद्दा. ज्या सिनेमाच्या नावाने सगळे खडे फोडतात तो म्हणजे ‘हम आपके हैं कौन’. ५ ऑगस्ट १९९४ ला आला. चौदा गाणी. त्यानंतर आपल्याकडे मेहंदी, संगीत आणि बूट लपवणं यांचे मोठे सोहळे झाले, हे मला मान्य आहे. माधुरीची जांभळी साडी किती जणींनी शिवून घेतली! पण त्या सिनेमाची गोष्ट काय होती, हे सांगा पाहू. मोठी बहीण पूजा जिन्यावरून पडून जाते. तिच्या तान्ह्या बाळासाठी घरातली मोठी माणसं ठरवतात की धाकट्या निशाचं लग्न मेव्हण्याशी लावायचं. निशाला वाटतं आपलं लग्न प्रेमशी ठरतंय, म्हणून ती हो म्हणते. खरं कळतं तोवर उशीर झालेला असतो, आणि ती बाळाकडे बघून गप्प बसते. इतकी प्रेमळ, सुशिक्षित माणसं घरभर, पण मुलीला समोर बसवून नीट विचारलं कोणीच नाही. शेवटी टफी नावाच्या कुत्र्याने चिठ्ठी पोचवली तेव्हा गाडी रुळावर आली.

तीन तासांहून मोठा सिनेमा सगळ्यांनी चार-चारदा पाहिला. चौदा गाणी घेतली, साडी घेतली, जेवणाचा थाट घेतला. गप्प बसलेली मुलगी तिथेच थिएटरात राहिली.

त्याच वर्षी, सिनेमाच्या दीड महिना आधी, २२ जून १९९४ ला महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट झाली होती. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती राज्यात लागू झाली. आधी लग्न झालेल्यांना ती नव्हती, म्हणजे मला नव्हती. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने विवाहित मुलींनाही तो हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हा कायदा जैनांना लागू आहे. २०१४ साली आपल्याला अल्पसंख्याक दर्जा मिळाला म्हणून वारसा कायदा बदलला, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, ती गोष्ट वेगळी.

त्या सिनेमातली गाणी पाठ असलेल्या किती जणींना यातली एक तरी तारीख ठाऊक होती? आणि ज्या मंडळींनी सिनेमाविरुद्ध इतके ठराव केले, त्यांनी ही दुरुस्ती एकदा तरी सभेत वाचून दाखवली का?

‘माहेरची साडी’ १९९१ चा. आम्ही हसनाबादहून टेम्पो करून बायका-बायका जालन्याला पाहायला गेलो होतो. मूळ राजस्थानी ‘बाई चाली सासरिए’, म्हणजे गोष्ट आपल्याच मुलखातून आलेली. अलका कुबलसाठी आम्ही पदर भिजेस्तोवर रडलो. आज माहेरची साडी कशी येते ते सांगते. राखीला किंवा भाऊबीजेला भाऊ येतो, साडी आणतो, वहिनी डबा देते, आणि पुढच्या आठवड्यात, "ताई, भोकरदनला एक सही लागतेय." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयारच असतं. मोबदला काही नाही. तुझ्या लग्नात इतका खर्च केला, तोच तुझा वाटा, असं सांगतात.

माझ्यातली बी.कॉम. बाई इथे अडते. ज्या खर्चात मुलीच्या हाती काहीच राहिलं नाही, तो तिचा वाटा कसा? बासुंदी गावाने खाल्ली, हॉलचं भाडं मालकाकडे गेलं, फुलं दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर. खर्च वडिलांच्या प्रतिष्ठेच्या खात्यावर पडला आणि नावे टाकला मुलीच्या. दुकानात एखाद्या मुनीमाने अशी नोंद केली असती तर आमच्या घरातून त्याला त्याच दिवशी नारळ मिळाला असता. लग्न इतकं मोठं का लागतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. जेवढा थाट मोठा, तेवढं पुढे सही मागताना तोंड वर करून बोलता येतं. यात सिनेमा कुठे आला?

काही जणी म्हणतील, सही नाही केली तर माहेर तुटतं. तुटतं, मी पाहिलंय. म्हणूनच ही गोष्ट एकट्या मुलीवर न टाकता समाजाने बोलायला हवी. समाजाला नवरीची नाचत येण्याची पद्धत ठरवता येते, तर हेही ठरवता येईल.

सिनेमाच दाखवायचा असेल तर लग्न ठरलेल्या मुलामुलींना दाखवण्यासारखे पुष्कळ आहेत. ‘अभिमान’ दाखवा, १९७३ चा, बायको आपल्याहून चांगली गाते म्हटल्यावर नवऱ्याचं काय होतं ते. ‘मुंबईचा जावई’ दाखवा, नव्या जोडप्याला घरात एक कोपरा मिळत नाही. आणि ठराव करणाऱ्यांना ‘कुंकू’ दाखवा. १९३७ साली प्रभातने काढलेला, शांतारामांचा. कोवळ्या नीराला फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात, आणि ती हे लग्न मानायला साफ नकार देते. आपल्या आज्या परकराखाली पाय झाकून बसत होत्या तेव्हा पडद्यावर शांता आपटे हे बोलत होत्या. सिनेमाने मुली बिघडवल्या म्हणतात त्यांना बहुधा याचीच भीती असावी.

पुढची सभा चातुर्मास संपल्यावर आहे. माझा ठराव मी कागदावर लिहून ठेवलाय, तीनच ओळी आहेत. मुलीला लग्नाआधी, मोठ्यांपैकी कोणी समोर नसताना, तिचं मत विचारायचं. तिच्यासाठी जी रक्कम बाजूला काढली असेल तिच्यातली निम्मी लग्नाआधी तिच्या एकटीच्या नावावर बँकेत ठेवायची. आणि राखी ते भाऊबीज या दिवसांत कोणी बहिणीकडे सही मागायची नाही. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून उभी राहणारी एक बाई हवीय, सतरंजीवरून उठून.